सीट बदलण्याआधी सीट नीट लावा: नव्या सायकलवर आरामात बसण्यासाठी

नवी सायकल घेतली की पहिल्या आठवड्या-पंधरवड्यात बहुतेकांची एकच तक्रार असते: सीट टोचते. मग जेलचं जाड कव्हर येतं. त्याने भागलं नाही की आणखी रुंद, आणखी मऊ सीट येते. दुखणं मात्र जागचं हलत नाही. दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा सीटच्या बनावटीत सापडतच नाही. ती किती उंच आहे, किती पुढे-मागे सरकवली आहे आणि तिचं नाक कुठे झुकलंय, यात ते असतं. सायकल हातात येते तेव्हा सीट कुठल्याशा सरासरी उंचीवर बसवलेली असते. तुमच्या पायांचं माप घेऊन ती कुणी लावलेली नसते. ते काम आपलं आपल्यालाच करावं लागतं, आणि ते अवघड नाही.

यासाठी 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या ॲलन की, मोजपट्टी, चिकटपट्टी, एक दोरा, त्याला बांधायला छोटं वजन आणि एक वही एवढं पुरतं. वही विसरू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती लिहून ठेवायची, दोन-तीन फेऱ्या मारायच्या आणि मगच पुढची गोष्ट बदलायची. उंची, कल आणि हँडल असं सगळं एकाच दिवशी हलवलं, तर कशामुळे बरं वाटलं आणि कशामुळे बिघडलं हे कधीच कळत नाही.

सुरू करण्याआधी फ्रेमचं माप एकदा तपासा. बूट घालून फ्रेमची आडवी नळी दोन्ही पायांमध्ये घेऊन उभे राहा. नळी आणि जांघ यांच्यात निदान 2-3 सेंटिमीटर मोकळी जागा हवी, माउंटन बाइकवर त्याहून जास्त. फ्रेम मुळातच फार मोठी किंवा फार लहान असेल, तर पुढची सगळी खटपट अर्धवटच फळ देईल. अशा वेळी सायकल बदलून मिळते का, ते आधी पाहा.

नेमकं कुठे दुखतंय?

टणक लाकडी स्टुलावर बसून हात खाली घातलेत तर नितंबांखाली दोन कठीण उंचवटे लागतात. ही बैठकीची हाडं. सायकलवर शरीराचा भार याच दोन हाडांवर यायला हवा. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्यांच्याभोवती ठणकतं, कारण तिथल्या स्नायूंना आणि त्वचेला अशा भाराची सवय नसते. एक दिवसाआड थोडी थोडी सायकल चालवत राहिलं की हा ठणका कमी होत जातो. याला घाबरू नका.

बधिरपणाची गोष्ट मात्र वेगळी. दोन हाडांच्या मधल्या मऊ भागातून, म्हणजे जननेंद्रियांच्या मागच्या बाजूने, नाजूक नसा आणि रक्तवाहिन्या जातात. त्या दाबल्या गेल्या की मुंग्या येतात आणि तो भाग सुन्न होतो. ‘सवयीने जाईल’ हा सल्ला इथे कुणाचाही ऐकू नका. हा त्रास इतका खरा आहे, की कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या ‘नायोश’ या अमेरिकी सरकारी संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांचा अभ्यास करून त्यांना नाक नसलेल्या सीट वापरण्याची शिफारस केली होती. मुंग्या आल्या की लगेच पेडलवर उभे राहा. उतरल्यावरही बधिरपणा बराच वेळ टिकत असेल किंवा लघवीला त्रास होत असेल, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

तिसरा प्रकार कातडी घासली जाण्याचा. तो मांडीच्या आतल्या बाजूला होतो. कपड्यांची शिवण, घाम आणि अती रुंद सीट ही त्याची नेहमीची कारणं.

उंची: सगळ्यात आधी आणि सगळ्यात महत्त्वाची

नवख्यांची सीट जवळजवळ नेहमीच खाली असते, आणि कारण एकच: सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत, असं त्यांना वाटतं. पडायची भीती असते, ती समजण्यासारखी आहे. पण सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकत असतील, तर नेहमीच्या बांधणीच्या सायकलवर सीट बरीच खाली आहे असं समजा. अशा सीटवर गुडघा प्रत्येक फेरीत नको इतका वाकतो आणि गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. मांड्या पेडलवर नीट जोर लावू शकत नाहीत. पाय भार उचलत नाहीत, म्हणून तो सगळा बुडावर येतो. ‘सीट टोचते’ या तक्रारीचं उत्तर कितीदा तरी सीट चार सेंटिमीटर वर उचलण्यातच असतं.

त्यामुळे उंची वाढवण्याआधी चढायची आणि उतरायची रीत शिकून घ्या. निघताना सीटवर बसायचंच नाही. सीटच्या पुढे, फ्रेम पायांमध्ये घेऊन उभं राहायचं आणि ब्रेक दाबून धरायचा. एक पेडल वर आणि किंचित पुढे, घड्याळात दोन वाजताना तास काटा असतो तिथे आणायचं. त्यावर पाय ठेवून ब्रेक सोडायचा आणि त्या पायावर उभं राहायचं. सायकल पुढे सरकते, शरीर आपोआप वर उचललं जातं आणि बूड सहज सीटवर येतं. थांबताना याच्या उलट: ब्रेक लावत भार खालच्या पेडलवरच्या पायावर घ्यायचा, सीटवरून पुढे घसरायचं आणि दुसरा पाय जमिनीवर टेकायचा. मोकळ्या मैदानात अर्धा तास हेच करत राहा. ही रीत अंगवळणी पडली की सीट उंच करायची भीती निघून जाते, आणि पुढचा सगळा मार्ग मोकळा होतो.

आता मोजमाप. सायकल भिंतीला टेकवा किंवा कुणाला तरी धरायला सांगा. नेहमीचे बूट घालून सीटवर सरळ बसा. टाच पेडलवर ठेवून पेडल उलट दिशेने फिरवा. पेडल सीटपासून सगळ्यात लांब असेल तेव्हा पाय गुडघ्यात अगदी सरळ व्हायला हवा, आणि त्यासाठी कंबर त्या बाजूला झुकवावी लागू नये. पाय आधीच वाकलेला राहिला तर सीट वर घ्या. टाच पोहोचतच नसेल तर खाली. ही उंची जमली की चवडा पेडलवर ठेवा, चालवताना तो तिथेच असतो. आता गुडघ्यात हलका बाक दिसेल. पाय सगळ्यात खाली असताना हा बाक साधारण 25 ते 35 अंशांचा असावा. टाचेच्या या पद्धतीने उंची किंचित कमीच येते, पण नवख्याला ती सुरुवात म्हणून सोयीची पडते. पुढे हवी तशी ती 2-3 मिलिमीटरने वाढवता येते.

आकड्यांची आवड असलेल्यांसाठी दुसरी पद्धत आहे. अनवाणी, पाठ भिंतीला लावून उभे राहा. एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये, गुण्यासारखं भिंतीशी काटकोनात धरून, सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितकं वर दाबा. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला 0.883 ने गुणा. जो आकडा येईल तेवढं अंतर क्रँकच्या (ज्या दांड्यांच्या टोकाला पेडल असतं, त्यांच्या) मधल्या आसापासून, सीटखालच्या नळीच्या रेषेत, सीटच्या माथ्यापर्यंत ठेवायचं. माप 80 सेंटिमीटर असेल तर उंची 70.6 सेंटिमीटर येते. टूर द फ्रान्स 1986, 1989 आणि 1990 साली जिंकणारे ग्रेग लेमाँड यांच्यामुळे हे सूत्र जगभर पोहोचलं. मात्र या सूत्रात क्रँकची लांबी, बुटाच्या तळव्याची जाडी किंवा पावलाचं माप यांपैकी काहीच धरलेलं नाही. दोन्ही पद्धतींत फरक आला, तर आधी टाचेच्या पद्धतीवर विश्वास ठेवा.

सीट मुळात खूपच खाली असेल तर एकदम पाच सेंटिमीटर वर घेऊ नका. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर सेंटिमीटरभर वाढवा. स्नायूंनाही जुळवून घ्यायला वेळ द्यावा लागतो.

उंची चुकली की शरीर सांगतं. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीपाशी दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. अर्थात सतत जड गिअरमध्ये रेटत चालवल्यानेही तिथेच दुखतं. गुडघ्याच्या मागच्या खोबणीत ओढल्यासारखं वाटत असेल तर सीट उंच आहे. मागून कुणाला तरी पाहायला सांगा: पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट नक्कीच उंच आहे. कंबर डुलली की बुडाची कातडी सीटवर प्रत्येक फेरीला घासते आणि मग दोष सीटला दिला जातो.

सीटच्या दांडीवर एक रेघ कोरलेली असते. दांडी किमान त्या रेघेपर्यंत फ्रेमच्या आत असलीच पाहिजे. रेघ बाहेर दिसायला लागली तर लांब दांडी घ्या. तशीच चालवलीत तर दांडी वाकू शकते, किंवा फ्रेमला तडा जाऊ शकतो.

पुढे की मागे

सीटच्या खाली दोन सळ्या असतात. त्या धरून ठेवणारा बोल्ट सैल केला की सीट काही सेंटिमीटर पुढे-मागे सरकते. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर ठेवून नेहमीसारखे बसा. पुढच्या गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा एक छोटा उंचवटा लागतो. तिथून दोऱ्याला वजन बांधून ओळंबा सोडा. दोरा पेडलच्या आसावर किंवा त्याच्या जरासा मागे पडला तर सीट मध्यम जागी आहे.

हा ओळंबा म्हणजे काही निसर्गनियम नाही. आडवं झोपून चालवायच्या सायकलींवर गुडघा पेडलच्या वर कधी येतच नाही, तरी लोक त्यांवर लांबचा पल्ला गाठतात. सुरुवातीला एक मधला बिंदू मिळावा, एवढाच त्याचा उपयोग. तिथून पुढे तुमचे हात काय सांगतात ते ऐका. सीट मागे नेली की शरीराचा तोल पेडलच्या वर जास्त चांगला सावरतो आणि हातांवरचा भार कमी होतो. पुढे आणली की तो वाढतो. म्हणून ‘हँडल लांब पडतं’ एवढ्याच कारणासाठी सीट पुढे ओढू नका. हँडल लांब असेल तर हँडल जवळ आणायचं, त्याची रीत पुढे येते.

सीट मागे सरकवली की पेडलपासूनचं अंतरही वाढतं. त्यामुळे इथे काहीही बदललं की उंची पुन्हा एकदा तपासा. सळ्यांवर मापाच्या खुणा असतात, त्यांच्या पलीकडे सळ्या पकडणारा क्लॅम्प नेऊ नका.

नाक वर की खाली

सायकल सपाट जमिनीवर उभी करा. सीटवर एक सपाट पुस्तक ठेवून त्यावर गवंड्याची पाणसळ ठेवा. मोबाइलमधलं लेव्हल दाखवणारं ॲपही चालतं. सुरुवात अगदी सपाट ठेवूनच करा. मागून वर उचललेल्या, मध्ये खोलगट सीटवर पुस्तक फसवं माप दाखवतं. तिथे पुढचा अर्धा भाग सपाट करा.

नाक वर असेल तर मधला मऊ भाग दाबला जातो आणि बधिरपणा येतो. मग माणूस चिडून नाक भलतंच खाली करतो. आता बूड पुढे घसरत राहतं, ते थोपवायला हात ताठ होतात आणि संध्याकाळी मनगटं आणि खांदे दुखतात. बधिरपणा असेल तर नाक एक-दोन अंश खाली करून पाहा, त्याहून जास्त नको. एवढ्याने भागलं नाही तर सीट उंच आहे का, हँडल फार खाली किंवा लांब आहे का, हे आधी पाहा. ते सगळं ठीक असूनही त्रास राहिला, तर मात्र सीटचा आकारच तुमच्यासाठी नाही.

काही दांड्यांना पुढे-मागे दोन बोल्ट असतात. तिथे एक जेवढा सैल कराल तेवढाच दुसरा कसायचा, म्हणजे कल अगदी बारीक बदलता येतो. एकाच बोल्टच्या दात्यांच्या क्लॅम्पमध्ये कल टप्प्याटप्प्याने उडी मारतो. त्यात मनासारखं मधलं माप मिळेलच असं नाही.

बूड दुखतं, त्याचं कारण कधी हँडलमध्ये असतं

हँडल फार खाली आणि लांब असलं की कंबर पुढे कलंडते आणि भार बैठकीच्या हाडांवरून पुढे मऊ भागावर सरकतो. नवख्याने हँडल सीटच्या पातळीला किंवा थोडं वरच ठेवावं. रेसिंगवाल्यांचं खोल वाकलेलं शरीर पाहून तसं बसायची घाई करू नका, त्यासाठी पाठ आणि पोट बराच काळ तयार व्हावं लागतं.

एक सोपी चाचणी आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर सावकाश चालवताना हँडलवरची पकड अगदी सैल करा, बोटं नुसती टेकलेली राहू द्या. लगेच पुढे कोसळल्यासारखं वाटलं तर तुम्ही हातांवर रेलून बसला आहात. कोपरात नेहमी हलका बाक हवा. करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येत असतील तर तळहाताच्या कडेची नस दाबली जातेय. अशा वेळी हँडल वर किंवा जवळ आणा. ब्रेकच्या दांड्यांचा कलही पाहा, याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. सरळ हँडलवर कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ राहावी, मनगट मागे मुरगळलेलं नसावं. एक बोल्ट सैल करून दांडी फिरवली की काम झालं.

आजच्या अनेक सायकलींवर स्टेमच्या, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या आखूड तुकड्याच्या, वर किंवा खाली चकत्या असतात. वरच्या चकत्या काढून खाली घातल्या की हँडल तेवढं वर येतं. स्टेम उलटा करून बसवला तरी थोडी उंची मिळते, आणि आखूड स्टेम लावला की हँडल जवळ येतं. घट्ट करण्याचा क्रम मात्र पाळायचा. आधी वरच्या टोपीचा बोल्ट, तोही खुळखुळा जाईल इतकाच. मग हँडल चाकाशी सरळ करून बाजूचे दोन बोल्ट आळीपाळीने. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हेडमध्ये, म्हणजे हँडलखालच्या नळीत, खटखट जाणवता कामा नये. हातात खात्री वाटत नसेल तर एवढं काम मेकॅनिककडून करून घ्या. हँडल सुटणं ही सायकलवरच्या सगळ्यात वाईट गोष्टींपैकी एक आहे.

एवढं करूनही सीट नकोशी वाटली तर

तर खुशाल बदला, पण मऊपणा पाहून नाही, रुंदी पाहून. जाड, लुसलुशीत सीट हाताने दाबून पाहायला छान वाटते. बसल्यावर मात्र हाडं तिच्यात रुततात आणि मधला भाग वर फुगून नेमका नको तिथे दाबतो. खोल सोफ्यावर तासभर बसल्यावर अंग आंबतं, तसंच काहीसं. छोट्या फेरीसाठी ती चालेल. तासाभराहून जास्त बसायचं असेल तर थोडी टणक, योग्य रुंदीची सीटच बरी.

रुंदी मोजायला खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घ्या. तो टणक स्टुलावर ठेवून त्यावर बसा, पाय थोडे उंचावर ठेवा, सायकलवर जेवढे वाकता तेवढे पुढे वाका आणि दोन्ही हातांनी स्टूल वर ओढल्यासारखं करा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या बैठकीच्या हाडांचं अंतर. त्यात 20 ते 30 मिलिमीटर मिळवले की सीटच्या रुंदीचा अंदाज येतो. जितकं ताठ बसाल तितकी रुंद सीट लागते, जितकं वाकाल तितकी अरुंद पुरते. स्त्रियांच्या हाडांमधलं अंतर सरासरीने जास्त असतं, पण ही सरासरी झाली. सडपातळ माणसाची हाडं लांब आणि स्थूल माणसाची जवळ असू शकतात, तेव्हा अंदाज बांधत बसू नका, मोजा.

मध्ये खाच किंवा भोक असलेल्या सीटने बधिरपणा अनेकांचा कमी होतो. काहींना मात्र खाचेची कडाच रुतते, म्हणून शक्य असेल तर आधी वापरून पाहा. चामड्याची सीट सुरुवातीला लाकडासारखी कडक लागते आणि काहीशे किलोमीटरनंतर बसणाऱ्याचा आकार घेते. तिला पावसापासून जपावं लागतं, ती जबाबदारी पेलणार असाल तरच घ्या. कोणतीही नवी सीट लावल्यावर उंची पुन्हा मोजा. प्रत्येक सीटची जाडी वेगळी असते आणि सेंटिमीटरभराचा फरक सहज पडतो.

पॅडची शॉर्ट घेतलीत तर तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. पॅड थेट त्वचेला लागावं म्हणूनच ती शिवलेली असते, आत आणखी एक शिवण आली की घासणं उलट वाढतं. प्रत्येक वापरानंतर धुवा. रस्त्यावर दर दहा-पंधरा मिनिटांनी काही सेकंद पेडलवर उभं राहायची सवय लावा, रक्तप्रवाह मोकळा होतो. चाकांत हवा दगडासारखी भरू नका. टायरवर लिहिलेला हवेच्या दाबाचा सगळ्यात मोठा आकडा ही वरची मर्यादा असते. तुमचं वजन कमी असेल तर त्याहून बऱ्याच कमी हवेत सायकल जास्त सुखाने चालते आणि बुडाला बसणारे हादरेही कमी होतात.

सगळं मनासारखं जमलं की वहीत तीन मापं लिहून ठेवा: क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नाकापासून हँडलच्या मध्यापर्यंत, आणि जमिनीपासून हँडलपर्यंत. फ्रेममधून दांडी जिथे बाहेर येते, बरोबर त्या जागी दांडीवर चिकटपट्टी गुंडाळा. सर्व्हिसिंगला दांडी काढली गेली तरी सीट पुन्हा तिथेच येईल. पट्टी हळूहळू फ्रेममध्ये शिरताना दिसली तर दांडी सरकतेय. अशा वेळी बोल्ट आणखी पिळू नका. दांडी बाहेर काढून ती आणि नळीचा आतला भाग कोरड्या फडक्याने पुसा. धातूच्या दांडीला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, कार्बनच्या दांडीला ग्रीस न लावता तिच्यासाठी मिळणारी खरबरीत पेस्ट लावा, आणि दांडी आवळणाऱ्या क्लॅम्पवर लिहिलेल्या जोराइतकंच कसा. बहुतेक क्लॅम्पवर तो 5 ते 6 न्यूटन-मीटर असतो.